कोठीत गहू, डब्यात पीठ

काल रात्री दीड वाजता तुझ्या खोलीतला दिवा दिसला तेव्हाच मी येणार होते. दारापर्यंत आलेही होते. आत तू फोनवर कुणाला तरी विचारत होतीस, "अगं, पण मी केलेला बदल गेला कुठे?" आवाज अगदी रडकुंडीला आलेला. म्हटलं, आत्ता ताईचं शहाणपण नको. आता सकाळ झालीय, आई गच्चीत गेलीय, चहा अजून गरम आहे. बस जरा माझ्याजवळ.

तू झोपल्यावर मी तुमचा रेपो उघडून बघितला. रागावू नकोस, महिन्यापूर्वी तूच मला त्यात जोडून घेतलंस. आधी चांगलं सांगते. भिशीच्या हिशेबाचं हे ॲप खरंच कामाचं आहे. आईच्या भिशीतल्या बायका अजून वहीत टिकमार्क करतात आणि दर महिन्याला कुणीतरी रुसतं. कोडही स्वच्छ लिहिलायस, माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टपेक्षा तर कितीतरी. आणि दुसरं म्हणजे तुझा बदल कुठेही गेलेला नाही. परवा रात्रीच्या कमिटमध्ये जसाच्या तसा आहे, मी डोळ्यांनी बघितला. तो काढून घेऊ. रडायचं थांब.

आता झालं काय ते ऐक. सोर्स फोल्डरात तुम्ही टाइपस्क्रिप्ट लिहिता. कंपायलर त्यातून जावास्क्रिप्ट करून डिस्ट नावाच्या फोल्डरात टाकतो, आणि सर्व्हर चालतो तो डिस्टवर. परवा डेमोच्या घाईत तू उशिरा आलेल्या हप्त्याची बेरीज सरळ डिस्टमध्येच दुरुस्त केलीस. ॲप चाललं, तू खूश, कमिट केलंस. काल दुपारी तुझ्या मैत्रिणीनं तिच्याकडे बिल्ड चालवला. कंपायलरला तुझ्या दुरुस्तीचं काय सोयरसुतक? त्यानं सोर्स वाचला, डिस्ट नव्यानं लिहिला, तुझी ओळ पुसली. तिनं तेही कमिट केलं. तिचं काही चुकलं नाही, आणि खरं सांगू, तुझंही फारसं नाही. चुकलं ते हे, की डिस्ट गिटमध्ये होताच कशाला?

गच्चीकडे बघ. दर उन्हाळ्यात आई काय करते? वर्षाचे गहू घेते, ऊन देते, निवडते आणि त्यांना दिवेल चोळून कोठीत भरते. (दिवेल आईच्या तोंडी. आजी मरेपर्यंत एरंडेलच म्हणाली, गुजरातेत साठ वर्षं काढून.) पीठ मात्र ती वर्षाचं दळून ठेवत नाही. पंधरा दिवसांचं वरच्या मासींच्या घरघंटीवर दळून आणते, ते संपलं की पुन्हा. गहू टिकतात, पीठ खवट होतं, त्यात जाळी धरते. आणि पीठ सांडलं तर आई कपाळाला आठी घालते, पण कोठीत पाणी गेलं तर रडते. डिस्ट म्हणजे पीठ. नोड मॉड्यूल्स, जावाचं टार्गेट फोल्डर, पायथनचं पायकॅश, सीच्या डॉट ओ फायली, तुमच्या त्या तीन एपीके, ज्यांना तुम्ही फायनल, फायनल-दोन आणि फायनल-खरंच अशी नावं दिलीत, हे सगळं पीठ. गिट ही कोठी आहे.

तू म्हणशील, ठेवलं पीठ तर काय बिघडतं, जागाच जाते ना? जागेचं मी सर्वांत शेवटी धरते. खरा त्रास असा, की एकाच गोष्टीची दोन रूपं शेजारी शेजारी ठेवली की कधीतरी ती एकमेकांशी भांडतात, आणि खरं कोण ते कुणालाच सांगता येत नाही. आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरातून वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध झाली, 1960 ते 1975 अशी पंधरा वर्षं आणि सात कांडांचे सात खंड. देशभरातून हस्तलिखितं जमवायची, ओळीला ओळ ताडून बघायची, कुठला पाठ जुना, कुठला नंतर शिरला ते ठरवायचं. त्या पंडितांचा नाइलाज होता. मूळ पोथी कुणाकडेच नव्हती, हातात होत्या त्या नकलांच्या नकला. तुमच्याकडे मूळ पोथी आहे, तुमच्याच हातची. तरी तुम्ही तिच्या शेजारी नक्कल ठेवलीत, नकलेत दुरुस्ती केलीत, आणि रात्री दीड वाजता पाठभेद शोधत बसलात.

मर्जचं तर बोलायलाच नको. दोघींनी आपापल्या मशीनवर बिल्ड केला की डिस्टमध्ये कॉन्फ्लिक्ट येणारच. कंपायलरनं लिहिलेली ती जावास्क्रिप्ट माणसानं वाचण्यासाठी नसतेच. मागच्या आठवड्यात तू दोन तास ते जुळवत होतीस ना? त्यात जुळवण्यासारखं काहीच नव्हतं गं. सोर्स जुळव आणि पुन्हा दळ, संपलं.

आणि तुमच्या गटातला तो मुलगा म्हणतो की लॅबच्या लिनक्स मशीनवर ॲप चालतच नाही, काहीतरी "इनव्हॅलिड ईएलएफ हेडर" येतं. त्याला वाटतंय लिनक्स खराब. तसं नाही. पासवर्डसाठी तुम्ही बीक्रिप्ट वापरलंय, आणि त्याचा एक भाग त्या त्या मशीनसाठी तयार झालेली बायनरी असते. तुझ्या विंडोजवर आलेली बायनरी तू नोड मॉड्यूल्ससकट गिटमध्ये टाकलीस, त्यानं ती लिनक्सवर उतरवली. तिला ते मशीन ओळखेना, मशीनला ती. त्यानं फोल्डर उडवून स्वतःच्या मशीनवर इन्स्टॉल केलं असतं तर दोन मिनिटांत चाललं असतं. बिचाऱ्यानं दोन दिवस घालवले.

अजून एक सांगते, जरा दूरचं आहे, पण मला ते विसरता येत नाही. 29 मार्च 2024 ला आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरनं जगाला कळवलं की एक्सझेड या साध्या कॉम्प्रेशन लायब्ररीत, 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत, चोरदरवाजा आहे. त्याला संशय कशावरून आला? एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता म्हणून. आपण अर्ध्या सेकंदाला काय किंमत देतो! तर तो घातक कोड लपवला होता चाचणीसाठी ठेवलेल्या बायनरी फायलींत, ज्यांतल्या काही मुळातच मुद्दाम बिघडवलेल्या म्हणून ठेवतात, त्यामुळे त्या उघडून कोण बघणार? आणि त्याला जागं करणारी बिल्डची स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच. लोकांना डाउनलोडसाठी दिलेल्या गठ्ठ्यात तेवढी होती. जिया तान या नावानं वावरणाऱ्यानं त्याआधी दोनेक वर्षं त्या प्रकल्पात गोड बोलून विश्वास कमावला होता. तुमच्या डिस्टमध्ये कुणी चोर बसलाय असं मी म्हणत नाही. पण माणूस जे वाचत नाही तिथे काहीही बसू शकतं, हे मला त्या दिवशी पोटात कळलं. तुझा परवाचा कमिट बघ. तुझी बदललेली ओळ एक, आणि तिच्याभोवती हजारो ओळींचा कोंडा. तुझ्या मैत्रिणीनं तो न वाचता मंजूर केला. मीही तेच केलं असतं.

बरं, आता आवरायचं कसं. घाबरू नकोस, चहा संपेपर्यंत सांगून होईल.

रेपोच्या मुळाशी डॉट गिटइग्नोर नावाची फाइल असते. तुमच्याकडे ती आहे, मी उघडली, आणि मला हसू आवरेना. आत एकच ओळ: पॅकेज-लॉकची! म्हणजे जे ठेवायचं तेवढंच बाहेर काढलंत. मला ठाऊक आहे का ते. सारखे कॉन्फ्लिक्ट येत होते म्हणून कुणीतरी वैतागून टाकलं असणार. पण ती फाइल मशीननं लिहिली असली तरी तिला पीठ समजू नकोस. कुठल्या पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती घ्यायची त्याची ती चिठ्ठी आहे. आई गव्हाच्या व्यापाऱ्याला "लोकवनच द्या, मागच्या वर्षी दिला तोच" असं लिहून पाठवते, तशी. ती चिठ्ठी नसेल तर चौघांच्या घरी चार तऱ्हेचे गहू येतील आणि पोळ्या वेगळ्या का होतात म्हणून तुम्ही पिठाला दोष द्याल. ती ओळ काढ, लॉक फाइल कमिट कर, आणि इथून पुढे सगळ्यांनी एनपीएम इन्स्टॉलऐवजी एनपीएम सीआय चालवा. तो त्या चिठ्ठीबाहेर जात नाही.

मग इग्नोरमध्ये लिही: नोड मॉड्यूल्स आणि पुढे स्लॅश. डिस्टच्या मात्र आधी आणि नंतर, दोन्हीकडे स्लॅश. शेवटच्या स्लॅशचा अर्थ "फोल्डरच", पहिल्याचा अर्थ "इथलाच, आत कुठे त्याच नावाचा असेल तर तो नव्हे". एपीकेसाठी तारा, टिंब, एपीके. आणि डॉट ईएनव्ही. हो, तीही आत आहे. मला बघूनच घाम फुटला. ती तिजोरीची किल्लीच आहे. डेटाबेसचा पासवर्ड आणि एसएमएसची की आज, आधी, नाश्त्याच्याही आधी बदल. फाइल काढल्यानं जुन्या कमिटमधला पासवर्ड पुसला जात नाही.

इथे सगळे फसतात बघ. इग्नोरमध्ये नाव लिहिलं म्हणजे गिट त्या फायली विसरत नाही. ज्या आधीच आत आहेत त्यांच्यावर त्या यादीचा काही परिणाम होत नाही. त्यांना गिटच्या नोंदीतून काढावं लागतं: गिट आरएम, डॅश आर, डॅश डॅश कॅश्ड, आणि फोल्डरचं नाव. तो कॅश्ड विसरलीस तर तुझ्या डिस्कवरूनही जाईल, तेवढं सांभाळ. आणि हे गटाला आधी फोन करून सांग, नुसता मेसेज नको. कारण तुझ्याकडे फायली राहतील, पण ती मुलं पुल करतील तेव्हा त्यांच्याकडून त्या उडतील. डिस्ट उडाला तर उडू दे, पुन्हा होईल. डॉट ईएनव्ही उडाली तर मध्यरात्री फोन मला येईल. आधी ती बाजूला कॉपी करून ठेवा म्हणावं.

इतिहासातल्या त्या एपीकेंचं काय, असं विचारशील. त्या राहतात. आज काढल्या तरी मागच्या कमिटांत आहेतच, म्हणून क्लोनला एवढा वेळ लागतो. गिट बदलणाऱ्या मजकुराला छान घडी घालतं, पण एपीके आधीच दाबून भरलेली असते, तिची घडी पडत नाही. तीन आवृत्त्या म्हणजे जवळजवळ तीन अख्ख्या फायली. इतिहासातून खरवडून काढायला फिल्टर-रेपो नावाचं साधन आहे. पण ते चालवलं की पुढच्या सगळ्या कमिटांचे क्रमांक बदलतात आणि प्रत्येकाला नव्यानं क्लोन करावं लागतं. सबमिशनला नऊ दिवस उरलेत. मी असते तर हात लावला नसता. जाड आहे तर जाड राहू दे. सरांना दाखवायची एपीके गिटहबच्या रिलीजमध्ये लाव, ती जागा त्यासाठीच आहे.

नियम मात्र दगडावरची रेघ करू नकोस. माझ्या ऑफिसात एक जण आहे, मशीननं केलेलं काहीही दिसलं की तो तलवार उपसतो. गो भाषेतली मंडळी जनरेट केलेला कोड बिनदिक्कत कमिट करतात, कारण त्यांचं पॅकेज घेणाऱ्याकडे तो जनरेटर चालतच नाही. ग्रॅडलची ती छोटी रॅपर जारही ठेवायचीच असते, नाहीतर नव्या माणसाकडे दळायला घरघंटीच नसेल. त्यांना कारण माहीत आहे. तुमच्याकडे डिस्ट होता कारण पहिल्या दिवशी कुणीतरी गिट ॲड टिंब केलं. फरक एवढाच.

आता जे सांगणार आहे ते तुला कधी सांगितलं नाही. आईलाही नाही.

2024 चा पूर आठवतो ना? गोकुळाष्टमीचा तो आठवडा. विश्वामित्रीची धोक्याची पातळी 25 फूट, आणि पाणी 35 च्याही वर गेलं. व्हिडिओत रस्त्यांवर मगरी. कारेलीबागेत आपल्या गल्लीत कमरेएवढं पाणी, आपण सगळे वर मासींकडे, दिवे नाहीत, आणि आईला चिंता कोठीची. माझा लॅपटॉप खालच्या खोलीत, कपाटाच्या तळच्या खणात राहिला. मी सगळ्यांना सांगत होते, जाऊ दे, सगळं गिटहबवर आहे. अगदी ऐटीत सांगत होते.

आजोबांच्या मोडी कागदांची मी यादी करत होते ना, तिचं एक ॲप बनवलं होतं. मागे पायथन, पुढे जावास्क्रिप्ट. कुणी सांगितलं नव्हतं, पैसे मिळणार नव्हते, रविवारी रविवारी केलेलं. त्यात सुहूर सनाची तारीख इसवी सनात आणणारा कोड होता. त्या सनाचं वर्ष मृगात सुरू होतं, महिने हिजरी, हिशेब सरळ नाही. मी महिनाभर कागदावर मांडून, आजोबांच्या पत्रांशी ताडून तो लिहिला होता. ठेवला कुठे? लिब नावाच्या फोल्डरात.

आणि पहिल्या दिवशी मी शहाण्यासारखं काय केलं होतं? गिटहबनं ठेवलेल्या तयार नमुन्यांतला पायथनचा डॉट गिटइग्नोर उचलून चिकटवला. न वाचता. त्यात एक ओळ आहे: लिब, स्लॅश. पायथनची बिल्ड साधनं त्या नावाचा फोल्डर तयार करतात म्हणून. आधी स्लॅश नाही, म्हणजे कुठल्याही पातळीवरचा लिब. माझा हातचा लिबसुद्धा. महिनोन् महिने मी कमिट करत होते, गिट स्टेटस स्वच्छ दाखवत होतं, आणि तो फोल्डर एकदाही कोठीत गेला नव्हता. पाणी ओसरलं, पंधरा दिवसांनी नवा लॅपटॉप आला, क्लोन केलं, चालवलं, आणि लिब सापडत नाही म्हणाला. मी आधी हसले. मग ब्राउझरमध्ये रेपो उघडून फोल्डरांची नावं बोटानं वाचली. दोनदा.

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा लिहिला. चालतो. पण पहिल्यात आजोबांच्या एका पत्रातल्या चुकीच्या तारखेसाठी मी एक खास सोय केली होती, ती कशी केली होती ते अजून आठवत नाही.

म्हणून तुमच्या रेपोत मला पीठ दिसलं तर मी चिडले नाही. पीठ जास्त झालं तर नुसती अडचण होते. मी गहू बाहेर ठेवले होते. तेव्हापासून माझी सवय अशी: इग्नोर फाइल बदलली की गिट स्टेटसला डॅश डॅश इग्नोर्ड जोडून एकदा बघायचं, काय काय वगळलं जातंय. एखादं नाव खटकलं तर गिट चेक-इग्नोर, डॅश व्ही आणि ते नाव. कुठल्या फाइलमधली कितवी ओळ त्याला अडवतेय ते तो सांगतो. दोन सेकंदांचं काम. आणि मग खरी परीक्षा. तुझ्या नेहमीच्या फोल्डरात नाही, डेस्कटॉपवर एक कोरा फोल्डर कर, त्यात रेपो क्लोन कर, फक्त रीडमी फाइल वाच, बाकी काहीही हातानं कॉपी न करता बिल्ड करून चालव. डॉट ईएनव्ही सोडून जे काही तुला जुन्या फोल्डरातून आणावंसं वाटेल, ते कोठीत नाही असं समज.

चल, उघड लॅपटॉप. पासवर्ड आधी. मग परवाच्या कमिटमधून तुझी ती हप्त्याची ओळ काढ आणि सोर्समध्ये लिही, डिस्टला हात लावू नकोस. मग इग्नोर, मग ते कॅश्ड. मैत्रिणीला मी नाही, तूच फोन कर, आणि कालच्या आवाजात नको. क्लोन लावून दे, तो एपीकेंच्या ओझ्यानं बराच वेळ घेईल. तोवर गच्चीत ये. आईचे दोन्ही हात दिवेलानं माखलेत आणि ती केव्हाची हाका मारतेय, कोठीचं झाकण कुणीतरी धरा म्हणून.